थंडीची राखण

‘घरातून उभा राहिलेला धंदा’ हा विषय संपादकांनी सुचविला तेव्हा पापड, लोणची, मसाले ही परिचित नावेच प्रथम मनात आली. परंतु ज्या पदार्थाला चुलीचे, उन्हाचे आणि उशिराचे सारखेच वावडे, तो आइस्क्रीमसारखा पदार्थ एखादे कुटुंब आपल्या ओसरीवर कसा करीत असेल, हे एकदा डोळ्यांनी पाहावे अशी ओढ लागली, आणि गेल्या वर्षी श्रावण सरता सरता दिवे घाट चढून मी सासवडला गेलो. ज्यांच्या घरी उतरलो त्या कुटुंबाची नावे त्यांच्याच इच्छेवरून येथे देत नाही. घरातील कर्त्या पुरुषाला वस्तीवर सारे ‘भाऊ’ म्हणतात, त्यांच्या पत्नीला मी ‘वहिनी’ म्हणत गेलो, आणि भाऊंच्या मातोश्री या साऱ्यांच्याच ‘आजी’. भाऊ पूर्वी दुधाच्या टँकरवर चालक होते. थंड वस्तू थंड असतानाच पोचली पाहिजे, नाहीतर ती पोचलीच नाही असे समजावे, हे त्या नोकरीने त्यांना शिकविले, आणि पुढे धंदा उभा करताना याच एका शिकवणीवर त्यांनी सारी भिस्त ठेवली.

न थांबणारे फळ

पुरंदर तालुका हा पर्जन्यछायेचा मुलूख. पाऊस घाटापलीकडे सांडून उरलेला येथे येतो, आणि त्या उरलेल्या पाण्यावर, मुरमाड हलक्या जमिनीत जी दोन फळे इमानाने वाढतात ती म्हणजे अंजीर आणि सीताफळ. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे या दोन फळांवरील संशोधन केंद्र याच तालुक्यात जाधववाडीला आहे, आणि ‘फुले पुरंदर’ हे सीताफळाचे वाण तेथूनच शेतकऱ्यांच्या बांधावर आले. पावसाळ्याच्या मध्यापासून दिवाळीच्या आगेमागेपर्यंत सासवडच्या बाजारात भल्या सकाळी क्रेटच्या थप्प्या लागतात, आणि मोठे, गोल, डोळे नुकतेच उघडलेले फळ पाहता पाहता हातोहात पुण्या-मुंबईकडे रवाना होते. प्रश्न उरतो तो लहान फळाचा, किंचित डागी फळाचा, आणि आवक वाढली की भाव पडलेल्या दिवशीच्या सगळ्याच फळांचा.

सीताफळाचा स्वभाव मोठा अवघड आहे. झाडावरून उतरविले की दोन-चार दिवसांत ते मऊ पडते. आणि ते टिकावे म्हणून शीतगृहात ठेवावे, तर अति थंडीने त्याची साल काळी पडते आणि आतले फळ नीट पिकेनासे होते. सफरचंदासारखे महिनोन्‌महिने दडवून ठेवून चढ्या भावाची वाट पाहण्याची सोय या फळाने आपल्या मालकाला दिलेलीच नाही. फळ थंडी सोसत नाही. परंतु साल आणि बी यांतून मोकळा केलेला गर मात्र उणे अठरा अंशांवर सुखाने महिनोन्‌महिने राहतो. भाऊ-वहिनींचा धंदा या एका भेदातून जन्मला. बाजारातून परत आलेले क्रेट ओसरीवर पडून काळवंडताना त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले होते.

गर काढण्याचे काम आजींच्या देखरेखीखाली चालते. मी गेलो त्या दिवशी बारा क्रेट मोकळे होत होते, आणि शेजारच्या चार बाया हात धुऊन, डोक्याला टोप्या बांधून चौरंगाभोवती बसल्या होत्या. फळाला दोन्ही अंगठ्यांनी मधोमध उकलायचे, चमचा सालीच्या कडेने फिरवायचा, आणि सालीला भिडण्याच्या किंचित आधी थांबवायचा. कारण सालीलगत जो वाळूसारखा कचकचीत थर असतो तो गरात उतरला, तर पुढे कितीही दूध-साखर ओता, जिभेला तो वाळूसारखाच लागतो. किती आधी थांबवायचा, हे मी आजींना विचारले. त्यांनी माझ्या हातात चमचा दिला आणि माझ्या बोटांवर आपली बोटे ठेवून तो फिरविला. गर मऊपणे सुटत होता तोवर चमचा निःशब्द होता. मग एकाएकी त्याच्या कडेला बारीक खरखर लागली. “हितं थांबायचं बघ बाळा. चमच्याला कळतं, मग हाताला कळतं.”

उकललेला गर स्टीलच्या मोठ्या चाळणीवर तळहाताने हलकेच चोळला जातो. बी फुटता कामा नये, तिचा कडवट अंश गरात उतरता कामा नये. म्हणून जोर मनगटाचा न लावता नुसत्या तळव्याचा लावावा लागतो. शंभर किलो फळांतून साधारण चाळीस किलोंच्या आसपास गर हाती येतो. बाकीचे साल आणि बी. आणि तो गर हवेत राहिला की तांबूस पडू लागतो, म्हणून त्यात जीवनसत्त्व ‘क’ची चिमूट मिसळून, किलो-किलोच्या पिशव्या सपाट थापून, लगोलग डीप फ्रीझरमध्ये सरकवाव्या लागतात. पिशवी सपाट का, तर पातळ थर लवकर गोठतो आणि लवकर गोठलेल्या गरात बर्फाचे स्फटिक बारीक राहतात.

जे उकळायचे आणि जे उकळायचे नाही

पहिल्या वर्षीची चूक वहिनींनी मला मोकळेपणाने सांगितली. बासुंदीत फळ घालावे त्या सवयीने त्यांनी गर दुधाबरोबरच तापविला, आणि पातेल्यातला तो सबंध घाणा कडू झाला. सीताफळाचा गर तापला की कडवटतो, हा त्याचा गुणधर्मच आहे. फळप्रक्रियेचे काम करणाऱ्यांना तो ठाऊक असतो, परंतु ज्या घरात सीताफळ नेहमी नुसतेच खाल्ले जाते त्या घराला तो कळावा कसा? “दादा, तीस लिटर दूध होतं. ओतून द्यायला हात धजेना,” त्या म्हणाल्या, “म्हशीनंसुद्धा तोंड लावलं नाही.”

तेव्हापासून रीत ठरली. दूध, साय, साखर आणि दुधाची भुकटी यांचे मिश्रण वेगळे तापवायचे, आणि गर त्यात शेवटी, थंडीतच, मिळवायचा. त्यांच्या वहीतले प्रमाण असे: दहा किलो मिश्रणाला म्हशीचे साडेसहा किलो दूध, दीड किलोच्या आतबाहेर घट्ट साय, दीड किलो साखर, अर्धा किलो भुकटी, आणि मिश्रण बांधून ठेवणारी चिमूटभर स्थिरके. या बेरजेमागे एक कायदा उभा आहे. ज्याला भारतात निव्वळ ‘आइस्क्रीम’ म्हणून विकायचे, त्यात दुधाचा स्निग्धांश किमान दहा टक्के आणि एकूण घनपदार्थ किमान छत्तीस टक्के असले पाहिजेत. आणि ज्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पतिजन्य चरबी वापरली असेल, त्याने वेष्टनावर स्वतःला ‘फ्रोझन डेझर्ट’ म्हणवून घेतले पाहिजे. हा भेद ग्राहकाने वाचून घ्यावा असे मला मनापासून वाटते. कारण साय महाग आहे, तेल स्वस्त आहे, आणि शेजारी शेजारी मांडलेल्या दोन डब्यांमधला भावाचा फरक पुष्कळदा एवढ्याच एका ओळीत लपलेला असतो.

मिश्रण सुमारे अडुसष्ट-सत्तर अंशांवर अर्धा तास राखून धरायचे, मग झपाट्याने चार अंशांपर्यंत उतरवायचे आणि रात्रभर मुरवत ठेवायचे. मुरण्याची ही रात्र लहान उत्पादक घाईने गाळतो असे भाऊंचे म्हणणे. परंतु त्या रात्रीत स्निग्धाचे कण घट्ट होतात, भुकटी पाणी पिऊन फुगते, आणि दुसऱ्या दिवशी यंत्रात मिश्रण हवा धरू लागते. सकाळी ते घुसळण-यंत्रात पडते. उभ्या नळकांड्याच्या भिंतीला आतून पातळ बर्फ धरते, फिरते पाते तो सतत खरवडते, आणि त्या खरवडण्यातच हवा शिरते. भाऊ घड्याळाकडे पाहत नव्हते. यंत्राच्या आवाजाकडे कान देऊन उभे होते. आरंभी मोटर हलकी, एकसुरी गुणगुणते. आठ-दहा मिनिटांनी तो सूर उतरू लागतो, जड होतो, पातळ मिश्रणातून चालणारे पाते चिखलातून चालल्यासारखे कण्हू लागते. त्याच क्षणी त्यांनी यंत्राचे तोंड उघडले आणि फिकट, मऊ, दोरासारखी धार डब्यात पडू लागली. या घडीला आइस्क्रीम सुमारे उणे पाच अंशांवर असते आणि त्यातले निम्मेच पाणी गोठलेले असते. उरलेले पाणी पुढे कठीण करण्याच्या पेटीत, बारीक स्फटिकांच्याच रूपाने, गोठले पाहिजे.

हवेविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. हवा नसेल तर आइस्क्रीम दगडासारखे होते. म्हणून हवा हा काही भेसळीचा प्रकार नव्हे. परंतु आइस्क्रीम मापाने विकले जाते आणि हवेला किंमत नाही, म्हणून मोह होतो. कायद्याने एका लिटरचे वजन ५२५ ग्रॅमच्या खाली जाता कामा नये. वहिनी लिटरचा डबा तराजूवर ठेवून दर घाण्याचे वजन वहीत टिपतात, आणि ते कायद्याच्या रेघेच्या बरेच वर असते. ग्राहकाला हे सांगता का, असे मी विचारले. “हातात डबा घेतला की त्याला कळतंच की,” एवढेच उत्तर मिळाले.

बर्फ, मीठ आणि लाकडी बादली

घरच्या घरी आइस्क्रीम करणे ही काही नवी कल्पना नव्हे. उलट या धंद्याचा उगमच घरगुती आहे. लाकडी बादली, तिच्यात पितळी किंवा जस्ताचे भांडे, भोवती बर्फ आणि जाडे मीठ, आणि वर फिरवायचा दांडा, एवढ्या साहित्यावर महाराष्ट्रातल्या लग्नांनी आणि जत्रांनी कित्येक दशके आपली हौस भागविली. मिठाने बर्फ वितळू लागतो, वितळण्यासाठी लागणारी उष्णता तो शेजारच्या भांड्यातून ओढून घेतो, आणि योग्य प्रमाण साधले तर हे खारे पाणी उणे एकवीस अंशांपर्यंत उतरू शकते. विजेचे नाव नसताना उपलब्ध असलेली ही थंडी होती. मुंबईत भेंडीबाजाराच्या बोहरी मोहल्ल्यात १८८७ पासून चालत आलेले ‘ताज आइस्क्रीम’ आजही संचाने, म्हणजे हाताने फिरवून, आइस्क्रीम करते. आणि अहमदाबादेतले ‘वाडीलाल’ हे पुढे देशभर पसरलेले नाव १९०७ मध्ये एका सोड्याच्या दुकानातून आणि हाताने फिरवायच्या कोठीतून सुरू झाले.

त्याही मागे गेले तर बर्फच दुर्मीळ होता. १८३३ मध्ये बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने तळ्यांवरचा कापलेला बर्फ जहाजात घालून कलकत्त्याला पाठविला. निघताना सुमारे १८० टन असलेला तो माल चार महिन्यांच्या प्रवासाअंती १०० टनांच्या आसपास उरला. थंडी मिळविण्यापेक्षा ती राखणे अवघड, ही गोष्ट त्या बर्फाच्या व्यापाऱ्याला आणि सासवडच्या या कुटुंबाला सारखीच लागू पडते.

आपल्याकडे फळाच्या आइस्क्रीमला प्रतिष्ठा मिळवून दिली ती मात्र अगदी अलीकडच्या एका कौटुंबिक धंद्याने. मंगळुरूकडच्या एका फळविक्रेत्याचे पुत्र रघुनंदन कामत यांनी १४ फेब्रुवारी १९८४ रोजी मुंबईत जुहूला छोटे दुकान थाटले. नुसत्या आइस्क्रीमसाठी गिऱ्हाईक येईल की नाही या शंकेने त्यांनी आरंभी तेथे पावभाजीही ठेवली, तिखटाने पोळलेल्या जिभांनी आइस्क्रीम मागितले, आणि पुढे पावभाजी बंद होऊन आइस्क्रीमच राहिले. ‘नॅचरल्स’च्या मोजक्या आरंभीच्या स्वादांत सीताफळ होते. कामत २०२४ मध्ये निवर्तले. भाऊंच्या यंत्राच्या खोलीत कामतांचे वर्तमानपत्रातले कात्रण चिकटविलेले मी पाहिले. त्याविषयी मी काही विचारले नाही आणि भाऊंनीही सांगितले नाही.

रस्त्यावरच्या आइस्क्रीमची दुसरी एक जात ध्यानात घेतली पाहिजे. राजस्थानातल्या भिलवाडा भागातून आलेली माणसे ‘मेवाड’ नावाच्या रंगीबेरंगी गाड्या घेऊन महाराष्ट्रातल्या गावोगावी उन्हाळा काढतात. त्यांच्याशी भाऊ स्पर्धा करीत नाहीत. गाडीवाल्याचा भाव आपल्याला परवडणार नाही, हे त्यांनी पहिल्या वर्षीच ओळखले.

दप्तर

धंद्याची कागदपत्रे एका पत्र्याच्या पेटीत आहेत आणि पेटी वहिनींच्या ताब्यात आहे. अन्न सुरक्षेच्या २०११ च्या परवाना-नियमांत बारा लाखांच्या आतील वार्षिक उलाढालीला केवळ नोंदणी पुरे होती, त्यावर परवाना लागे. ही पायरी सोपी गेली. यंत्राच्या कर्जासाठी २०२० मध्ये सुरू झालेली केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना कामी आली, जिच्यात पात्र खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त दहा लाख रुपये, अनुदान मिळे आणि निदान दहा टक्के स्वतःचे घालावे लागत. अर्ज, सातबारा, कोटेशने, बँकेचा मंजुरी-दाखला या फेऱ्यांत एक उन्हाळा गेला. आणि आइस्क्रीमवाल्याचा उन्हाळा जाणे म्हणजे वर्ष जाणे.

परंतु ज्याने माझे मन विषण्ण झाले तो भाग कराचा. लहान व्यापाऱ्याला हिशेबाचा जाच नको म्हणून वस्तू-सेवा करात जी ‘कंपोझिशन’ची सुलभ वाट ठेवली आहे, ती आइस्क्रीम करणाऱ्याला बंद आहे. माल विकणाऱ्या इतर बहुतेकांना चाळीस लाखांपर्यंत नोंदणीची माफी, आइस्क्रीमवाल्याला वीस लाखांपर्यंतच. या दोन्ही बंद दारांपाशी त्याच्या शेजारी उभे आहेत ते पानमसाला आणि तंबाखू. घरच्या सीताफळांचे आइस्क्रीम करणाऱ्या बाईला आणि गुटख्याच्या कारखानदाराला एकाच ओळीत उभे करण्यात कोणता न्याय आहे, हे मला उमगत नाही; हा नियम बदलला पाहिजे. २०१७ पासून आइस्क्रीमवर १८ टक्के कर होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्क्यांवर आला, हा दिलासा खरा. सुलभ वाट मात्र अजून बंदच. आणि याच देशात १९९७ पर्यंत आइस्क्रीम हे लघुउद्योगांसाठी राखीव होते!

गोठलेले भांडवल

आता मुख्य गोष्टीकडे येतो. सीताफळ येते पावसाळ्यात. आइस्क्रीम खपते होळीपासून मृगापर्यंत. या दोन हंगामांमध्ये जे पाच-सहा महिने पडतात, तेवढा काळ या कुटुंबाची सारी कमाई, सारे कर्ज आणि सारी आशा तीन डीप फ्रीझरमध्ये सपाट पिशव्यांच्या रूपाने पडून असते. शेतकरी दाणे कणगीत ठेवतो. कणगीला वीज लागत नाही. येथे मात्र दर तासाला विजेचे बिल चढते आहे, आणि लाइट गेली की घरातले प्रत्येक माणूस जागच्या जागी थबकून कान देते.

धंद्याच्या दुसऱ्या वर्षी कार्तिकातल्या एका रात्री एका फ्रीझरचा कॉम्प्रेसर बंद पडला. दिवा लागलेला होता, पंखा फिरत होता, म्हणून कोणाला कळले नाही. सकाळी वहिनींनी झाकण उघडले तेव्हा वरच्या पिशव्या बोट दाबले की दबत होत्या. पुन्हा गोठविता आल्या असत्या. पण अर्धवट वितळून पुन्हा गोठलेल्या गरात बारीक स्फटिक विरघळून मोठ्यांना चिकटतात आणि खाणाऱ्याच्या दाताखाली बर्फ करकरतो. त्या साऱ्या पिशव्या बाहेर काढून त्याच दिवशी वस्तीवर वाटून टाकल्या. ज्याच्याकडून फ्रीझर घेतला होता तो दुकानदार हमीच्या मुदतीवर बोट ठेवून मोकळा झाला.

त्या दिवसापासून फ्रीझरच्या भिंतीवर वही टांगली आहे. दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्रीही, तापमापीचा आकडा आणि वेळ तीत लिहायची. मी ती वही मांडीवर घेऊन बराच वेळ चाळली. सहा आणि आठच्या नोंदी वहिनींच्या, सुबक, एका रेषेत. दुपारच्या भाऊंच्या, घाईच्या, ग्रीसचा डाग लागलेल्या. संध्याकाळच्या नववीतल्या मुलीच्या, हिरव्या शाईच्या. आणि रात्री दोन व पहाटे चारच्या नोंदी थरथरत्या, मोठ्या, पाटीवर गिरविल्यासारख्या आकड्यांत, कित्येक महिने, एकही न चुकता. म्हातारपणी झोप लागत नाही, म्हणून ती वेळ आजींनी मागून घेतली होती. शेतात कणसे भरली की मचाणावर बसून त्यांनी तरुणपणी राखण केली होती. ही राखण त्याच नावाने त्या ओळखतात. “राखणीला उठते,” असेच त्या म्हणतात.

चैत्र

चैत्री पौर्णिमेला मी पुन्हा गेलो. जेजुरीची यात्रा होती. भंडाऱ्याने पिवळा झालेला रस्ता, ऊन कडक, आणि पायथ्याच्या गर्दीपासून थोडे दूर, एका ओळखीच्या अंगणात भाऊंनी टेबल मांडले होते. आइस्क्रीमच्या पेटीच्या भिंतींत गोठविलेल्या खाऱ्या द्रावणाच्या पट्ट्या बसविलेल्या. घरून निघताना एकदा गोठल्या की विजेशिवाय काही तास पुरतात. भाद्रपदात ओसरीवर उकललेले फळ आता कागदी वाटीत पडत होते. सांगलीकडचे एक जोडपे लेकराला घेऊन थांबले. लेकराने पहिला चमचा तोंडात घेतला, आणि बीच्या सवयीने क्षणभर थांबून, जिभेने शोध घेऊन, मग निर्धास्तपणे गिळला.

दोनच्या सुमारास भाऊंचा फोन वाजला. घरी मुलगी होती, परीक्षेचा अभ्यास चालला होता. त्यांनी फोन कानाला न लावता माझ्यासमोर धरला. “बाबा, पहिला एकोणीस, दुसरा एकोणीस, तिसरा वीस. लिहिलं.” भाऊंनी बरं म्हटले, फोन खिशात घातला, आणि दरम्यान उघडे राहिलेले पेटीचे झाकण आधी बंद करून मग पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.